वाचकांचे प्रश्न : ‘अंतर्मन’ खोडा, खरवडणं लिहा

या वेळची बहुतेक पत्रं अमूर्त चित्रं करणाऱ्या तरुणांची आहेत. काहींनी चित्रांचे फोटो जोडलेत, काहींनी नुसतीच तक्रार. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी चौघांनी विचारलाय.

प्रश्न : मी चित्रकला पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. समूहप्रदर्शनासाठी चित्रांसोबत स्टेटमेंट मागितलंय. मी असं लिहिलंय : ‘माझी चित्रे म्हणजे माझ्या अंतर्मनाचा अविरत शोध आहे. रंग, रेषा आणि अवकाश यांच्या संवादातून मी शून्याकडून अनंताकडे प्रवास करते. प्रत्येक प्रेक्षकाने आपापला अर्थ शोधावा, हीच अपेक्षा.’ सरांना आवडलं, पण मैत्रीण म्हणाली, ‘हे कुणाचंही असू शकतं.’ तीस बाय तीस इंचाचे पाच कॅनव्हास आहेत, अॅक्रिलिकमध्ये. पिवळे-तपकिरी सात-आठ थर देते आणि हॅकसॉच्या पात्याने मधूनमधून खरवडते. हरिपूरला आजोळ आहे, तिथली हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) डोक्यात होती. आणखी एक : रंगात खरी हळद मिसळली तर चालेल का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मैत्रीण बरोबर आहे. या तीन वाक्यांखाली दुसऱ्या कुठल्याही चित्रकाराचं नाव घालून पाहा, काही बिघडत नाही. शोध, संवाद, प्रवास ही नामं आहेत, त्यांत हात कुठे दिसत नाही. ‘शून्याकडून अनंताकडे’ हे तर निवड समितीने त्या दिवशी आणखी पंचवीस अर्जांत वाचलेलं असणार. अशा स्टेटमेंटांचं सध्या पेवच फुटलंय. आणि ‘प्रेक्षकाने आपापला अर्थ शोधावा’ हे सांगायला नको, तो तुमच्या परवानगीची वाट पाहत नाही.

गंमत अशी की स्टेटमेंट तुम्ही लिहून ठेवलेलंच आहे. ते पत्राच्या शेवटच्या तीन ओळींत, प्रश्नाची माहिती म्हणून सहज आलंय. किती थर, कोणतं हत्यार, कुठली जागा डोक्यात. तेवढ्यावरच उभं करून पाहू :

‘हरिपूरला हळद साठवायची पेवं मी लहानपणापासून पाहत आले. वरून जमिनीतलं एक साधं तोंड, आत किती खोल आहे ते कळत नाही. या पाच चित्रांत पिवळ्या आणि तपकिरी अॅक्रिलिकचे सात ते आठ थर आहेत. थर वाळला की मी तो हॅकसॉच्या पात्याने काही ठिकाणी खरवडते. खालचा रंग कुठे वर येईल हे निम्मंच माझ्या हातात असतं. चित्राच्या मधोमध मी पातं जवळजवळ लावत नाही, त्यामुळे तिथे रंग सगळ्यात जाड राहतो.’

सत्तरच्या आत शब्द. यातलं प्रत्येक वाक्य भिंतीवरच्या चित्राशी ताडून पाहता येतं. मधोमध पातं लावता की नाही हे आम्ही फोटोवरून ताडलंय; चुकलं असेल तर तुमचं खरं घाला. ‘निम्मंच माझ्या हातात’ हे वाक्य मात्र ठेवा. अमूर्त चित्रात योगायोगाचा वाटा किती, हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात असतोच, आणि त्याचं उत्तर इथे न मागता मिळतं.

सोपी रीत अशी : आधी काय केलं ते क्रियापदांनी लिहा (ओतलं, पुसलं, खरवडलं, झाकलं). मग कशाने, मग किती वेळा. वाटलं काय, ते सगळ्यात शेवटी, आणि एकाच वाक्यात. शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नका, कारण हॉलमध्ये उभ्याने वाचायचं असतं. पेव म्हणजे काय हे सांगलीबाहेरच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून ‘हळद साठवायची’ हे दोन शब्द काढू नका. पुण्या-मुंबईच्या माणसाला ‘पेव फुटणे’ तेवढं माहीत असतं.

यासाठी कामाच्या वहीची सवय लावून घ्या. चित्रकार प्रभाकर बरवे रोजनिशीत टिपणांच्या बाजूला छोटी रेखाटनं करत. तेवढं जमलं नाही तरी प्रत्येक बैठकीला चार ओळी पुरतात. तारीख, कोणता रंग कशात किती मिसळला, किती वेळ वाळू दिला, आणि उठताना चित्रात काय खटकत होतं. शेवटची ओळ चुकवू नका. सहा महिन्यांनी वही चाळलीत की एकच खटकणं दहा वेळा लिहिलेलं सापडतं. तुमच्या कामाचा विषय बहुतेक वेळा तोच असतो.

खरवडण्याबद्दल दोन गोष्टी, कारण एका फोटोत चौकटीच्या आतल्या पट्टीची उभी रेघ चित्रावर उमटलेली दिसते. ताणलेला कॅनव्हास पात्याखाली दबतो आणि मागच्या लाकडी पट्टीवर टेकतो, तिथे रंग जास्त निघतो. खरवडायच्या आधी कॅनव्हास आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत जाड पुठ्ठा सरकवा, किंवा सरळ सहा मिलिमीटरच्या प्लायवर जेसोचे (रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात देऊन काम करा. दुसरं म्हणजे वेळ. थर वरून वाळलाय पण आतून ओला आहे, अशा वेळी पातं लावलं की रंग सालीसारखा पट्टीपट्टीने निघतो आणि कडा फाटक्या येतात. पातळ थराला उन्हाळ्यात वीस-पंचवीस मिनिटांत ही अवस्था येते. स्वच्छ, धारदार ओरखडा हवा असेल तर रात्रभर थांबा. पॉलिशपेपर वापरणार असाल तर पाण्याचा, २२० किंवा ३२० नंबरचा, आणि ओलाच घासा. रंगाची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका. कॅडमियमचे पिवळे असतील तर अजिबातच नाही.

आता हळद. मिसळू नका. हळदीचा पिवळा कुरकुमीनचा असतो आणि तो उजेडात टिकत नाही. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यावरचा हळदीचा डाग आपोआप फिका पडतो, तेच चित्रात होणार. त्याहून मोठी अडचण अॅक्रिलिकची. ते किंचित अल्कधर्मी असतं. हळदीत चुना घातला की लाल कुंकू होतं हे घरोघरी माहीत आहे. त्याच कारणाने ओल्या अॅक्रिलिकमध्ये हळद तांबूस-तपकिरीकडे झुकते आणि तुम्हाला हवा तो पिवळा पहिल्याच दिवशी हातचा जातो. शिवाय पुडीत पिष्ट असतं. पावसाळ्यात बुरशीला ते आमंत्रणच.

खात्री करून घ्यायची तर जेसो दिलेल्या कागदाच्या पट्टीवर हळद मिसळलेला रंग लावा, निम्मी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेकडच्या खिडकीला महिनाभर चिकटवून ठेवा. काळा कागद काढल्यावर वाद उरणार नाही.

टिकणारा हळदी रंग ट्यूबमध्ये मिळतो. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. ‘पीवाय ४२’ हा लोहाचा पिवळा ऑक्साइड, म्हणजे साधारण यलो ऑकर. त्यात चिमूटभर ‘पीवाय ११०’ किंवा ‘पीवाय ६५’ या गडद पिवळ्यांपैकी एक घातला की वाळल्या हळकुंडाच्या जवळ जाता येतं. ट्यूबवर क्रमांकच नसेल तर तो रंग सरावापुरता ठेवा. चित्र फिकं पडणं हाच तुमचा विषय असेल तर गोष्ट वेगळी, पण मग घेणाऱ्याला ते लिहून द्यावं लागेल.

प्रश्न : माझी चित्रं पाहून सगळे ‘गायतोंडे’ म्हणतात. रोलरने काम करतो म्हणून असेल. कौतुक की टोमणा, तेच कळत नाही. रोलर सोडून द्यावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नागपुरात हे ऐकावं लागणं साहजिक आहे, अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्मच तिथला, १९२४चा. टोमणा समजू नका आणि कौतुकही समजू नका, तपासणी समजा.

रोलर कुणाच्या मालकीचा नाही. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत, कागदाचे कपटे कॅनव्हासवर दाबून रंग उतरवत आणि उचलत. पण चित्र ‘गायतोंडेंसारखं’ दिसतं ते हत्यारामुळे नाही. बहुधा तीन गोष्टी एकदम जुळून येतात : उभा कॅनव्हास, एकाच रंगाच्या जवळजवळच्या छटांचा धुक्यासारखा पसारा, आणि त्यात आडव्या ओळीने तरंगणारे लिपीसारखे आकार. तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंत या तिन्ही आहेत. रोलर टाकून ब्रश घेतलात तरी लोक तेच म्हणतील.

म्हणून रोलर ठेवा आणि बाकीच्यांपैकी एकेक बदलून पाहा. सहा छोटे कागद घ्या, बारा बाय बारा इंचाचे. चौरस घेतल्याने उभेपणा आपोआप गेला. पहिल्या दोनांत रंग विरोधी घ्या, पण आकार तेच ठेवा. पुढच्या दोनांत छटा जवळच्या ठेवा आणि आकार काढून टाका, फक्त रोलरच्या कडेने पडणारी रंगाची जाड रेघ ठेवा. (ही रेघ बहुतेक जण पुसतात. रोलरवर रंग जास्त झाला की ती पडते, आणि ती खास रोलरचीच आहे.) शेवटच्या दोनांत काय करायचं ते पहिली चार पाहून ठरवा. सहाही भिंतीवर लावा आणि ज्यातून ‘गायतोंडे’ गेले पण तुम्हाला करमतंय, तिथून पुढे चला.

प्रभावाची लाज बाळगण्याचं कारण नाही. चित्रकार प्रभाकर कोलते यांच्या सुरुवातीच्या कामावर युरोपातला चित्रकार पॉल क्ले याचा प्रभाव होता हे कधी लपून राहिलं नाही. खुद्द गायतोंडे यांच्या उमेदीच्या काळातल्या चित्रांतही क्ले दिसतो. आणखी एक बारीक गोष्ट. गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायला राजी नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते गाळत गेलो असा अर्थ निघतो. तुमच्या चित्रात मुळात काही गाळलेलं आहे का, की सुरुवातच नुसत्या रंगापासून झाली, हे स्वतःला एकदा विचारा. तुमचं आणि त्यांचं अंतर तिथेच कळेल.

प्रश्न : चित्र कधी थांबवायचं तेच कळत नाही. रात्री छान वाटतं, सकाळी मेलेलं दिसतं. मग वरून काम करते आणि सगळं राखाडी चिखल होऊन बसतं. माध्यम अॅक्रिलिक, छत्तीस बाय छत्तीस इंच. – एक वाचक, नाशिक

उत्तर : रात्र आणि सकाळ यांतला फरक मनाचा कमी आणि रसायनाचा जास्त आहे. ओल्या अॅक्रिलिकमधलं माध्यम दुधी असतं, वाळल्यावर ते पारदर्शक होतं. म्हणून प्रत्येक रंग वाळताना एक पायरी गडद होतो. निळे, तपकिरी, काळपट रंग जास्तच. रात्री तुम्ही ओलं चित्र पाहता, सकाळी वाळलेलं. त्यातून खोलीत पिवळा दिवा असेल तर रात्री निळे मंद दिसतात, तुम्ही निळा वाढवता आणि सकाळी तो अंगावर येतो. साडेचार ते पाच हजार केल्विनचा, नव्वदच्या वर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी बसवा (दोन्ही आकडे खोक्यावर छापलेले असतात). आणि ओल्या चित्रावर निकाल देऊ नका.

चिखल होण्याचं कारण वेगळं. लाल-हिरवा, जांभळा-पिवळा असे विरोधी रंग ओले असताना एकमेकांत गेले की राखाडी होणारच. पण बहुतेक वेळा दोष ट्यूबमधल्या मिश्रणाचा असतो. स्वस्त संचातल्या ‘ऑलिव्ह’, ‘व्हायोलेट’ अशा एकेका ट्यूबमध्येच दोन-तीन रंगद्रव्यं असतात. अशा दोन ट्यूब मिसळल्या की पाच-सहा द्रव्यं एकत्र आली. प्रत्येकीवर रंगद्रव्याचा एकच क्रमांक छापलेला असेल अशा वेगवेगळ्या पाच ट्यूब आणि पांढरा घ्या, एका मिश्रणात दोनाच्या वर जाऊ नका, आणि खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय वरचा देऊ नका. रंग पातळ करायला पाणी वाढवत नेलं तर बांधणारं द्रव्य विरळ होतं आणि पुढच्या हाताला खालचा रंग उठून येतो. पाणी तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा, त्याहून पातळ हवा असेल तर मॅट मीडियम (रंग नसलेलं, चकाकी न येणारं अॅक्रिलिक माध्यम) वापरा.

थांबण्यासाठी एक रीत सांगतो, कंटाळवाणी आहे. प्रत्येक बैठकीनंतर फोटो काढा आणि मोबाइलमध्येच तो कृष्णधवल करा. सगळं चित्र एकाच राखाडी पट्ट्यात गेलं असेल तर रंग बदलून उपयोग नाही, उजेड-अंधाराचा फरकच उरलेला नाही. ‘मेलेलं’ म्हणता ते बहुतेक हेच. मग चित्र चारही बाजूंनी उलटं करून पाहा, आणि निदान बारा फुटांवरून पाहा. छत्तीस इंचाचं चित्र हाताच्या अंतरावरून कुणी बघत नाही.

काही बदलावंसं वाटलं तर लगेच रंगवू नका. ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर) तो रंग लावा, वाळू द्या आणि शीट चित्रावर धरा. किंवा रंगीत कागद फाडून कमी चिकटणाऱ्या मास्किंग टेपने दोन दिवस लावून ठेवा. निम्मे बदल इथेच रद्द होतात. मग आठवडाभर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. परत फिरवल्यावर पहिल्या मिनिटात जे खटकेल तेवढंच दुरुस्त करायचं. दहाव्या मिनिटाला खटकलेलं सोडून द्या, तो चित्राचा नव्हे, बसून राहिल्याचा दोष असतो. सलग तीन वेळा फिरवून काहीच करावंसं वाटलं नाही तर सही करा.

जी चित्रं आधीच चिखल झालीत, त्यांच्यावर नवव्या-दहाव्या थराला कॅनव्हासचा दाणा भरून गेलेला असतो आणि ब्रश घसरतो. ओल्या पॉलिशपेपरने हलकं घासून जेसोचा एक पातळ हात द्या. जेसो देताना दोन-तीन बोटं जागा उघडी सोडून बघा, कधी कधी चित्र तिथूनच परत सुरू होतं.

प्रश्न : प्रदर्शनाहून परत आलेले अॅक्रिलिकचे कॅनव्हास बबल रॅपमध्येच माळ्यावर ठेवले. श्रावणात उघडले तर रंगावर गोल गोल ठसे, दोन चित्रं एकमेकांना चिकटलेली, आणि मागून पांढरी बुरशी. काय करू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अॅक्रिलिकचा थर वाळला तरी तो प्लॅस्टिकच राहतो, आणि उकाड्यात मऊ पडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये तो इतका मऊ होतो की दाबलेली कुठलीही वस्तू त्यात ठसा सोडते. ठसे एप्रिल-मेचे आहेत, बुरशी पावसाळ्याची.

चिकटलेली चित्रं ओढून सोडवू नका. थंडपणात अॅक्रिलिक कडक होतं. एसी असलेल्या खोलीत काही तास ठेवा, मग एका कोपऱ्यातून जाड, गुळगुळीत प्लॅस्टिक शीट हळूहळू आत सरकवा. अडलं की थांबायचं. ठशांवर इस्त्री, हेअर ड्रायर असले उद्योग करू नका. चित्र आडवं, उघडं ठेवलं तर उथळ ठसे काही आठवड्यांत थोडे भरतात. खोल ठसे जात नाहीत, तिथे परत रंगवावंच लागतं.

बुरशीसाठी तोंडाला मास्क लावून चित्र बाहेर न्या, सावलीत, वाऱ्यावर. पूर्ण कोरडं होऊ द्या. ओली असताना पुसली की ती कापडात घोळून आणखी पसरते. मग मऊ कोरड्या ब्रशने मागची बाजू झटका. व्हिनेगर, डेटॉल, ब्लीच यांपैकी काहीही नको, कॅनव्हासचं सूत आणि रंग दोन्ही बिघडतात.

पुढच्या वेळी रंगाला आधी सिलिकॉनचा बेकिंग पेपर लावा, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, तोही फुगे बाहेर करून. हे फक्त प्रवासापुरतं. घरी आल्यावर सगळं सोडायचं आणि सुती चादर टाकायची. चित्रं उभी ठेवा, जमिनीपासून चार बोटं वर लाकडी पट्ट्यांवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब, आणि रंगाला काही टेकणार नाही अशी. पावसात कॅनव्हास सैल पडला म्हणून कोपऱ्यातल्या पाचरी ठोकू नका. हिवाळ्यात तो पुन्हा आवळतो आणि जास्त ठोकलेला कोपरा फाटतो. व्हार्निशही कोकणात जून ते सप्टेंबर नकोच, दुधाळ होतं. ऑक्टोबरचा उकाडा निदान या एका कामाला बरा.

प्रश्न : पोर्टफोलिओसाठी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत चित्र वाकडं येतं, कडा फुगतात आणि निळा भलताच दिसतो. व्यावसायिक फोटोग्राफर परवडत नाही. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मोबाइलने चालतं. कडा फुगतात कारण तुम्ही रुंद लेन्सने जवळून काढता. दोनपट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर ती वापरा आणि मागे सरका. नसेल तरी मागे सरका आणि नंतर कापा.

वाकडेपणावर एक हमखास उपाय आहे. चित्र उभ्या भिंतीवर सपाट टेकवा, मध्यावर छोटा सपाट आरसा धरायला कुणाला तरी सांगा. मोबाइल स्टँडवर लावून इतका हलवा की आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेल. तसं दिसलं की मोबाइल आणि चित्र समांतर आहेत. आरसा काढा, दोन सेकंदांचा टायमर लावा.

उजेड उत्तरेकडच्या व्हरांड्यातला, ढगाळ दिवसाचा सर्वांत चांगला. थेट ऊन नको, फ्लॅश नको, आणि नैसर्गिक उजेडात ट्यूबलाइट मिसळू नका. निळा बिघडतो तो बहुतेक याच मिसळीने. बाजूची भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिचा रंगही चित्रावर पडतो, तुमच्या शर्टाचासुद्धा, काळा घाला. चित्राशेजारी ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी छटेचा पुठ्ठा) ठेवून एक फोटो काढा आणि त्यावरून सगळ्या फोटोंचं व्हाइट बॅलन्स जुळवा. मोबाइलचं एचडीआर आणि ‘व्हिव्हिड’ बंद करा. इतकं करूनही अल्ट्रामरीन आणि फ्लोरोसंट रंग थोडे वेगळे येतात; मूळ चित्र शेजारी ठेवून स्क्रीनवर हाताने जुळवा. चकचकीत, गडद चित्रात खोलीचं प्रतिबिंब येत असेल तर मोबाइलच्या मागे काळी चादर टांगा.

प्रत्येक चित्राचे तीन फोटो हवेत : पूर्ण, बाजूने उजेड टाकून पोताचा जवळून एक, आणि खुर्ची वा माणूस शेजारी ठेवून आकार कळेल असा एक. अमूर्त चित्रात तिसरा फार महत्त्वाचा आहे, कारण आत ओळखीचं काही नसल्याने बारा इंच आणि सहा फूट स्क्रीनवर सारखेच दिसतात. छापायला आठ इंच रुंदीसाठी २४०० पिक्सेल लागतात. ओळ लिहिताना क्रम असा : शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार. आकारात आधी उंची, मग रुंदी. उलट झालं तर उभं चित्र आडवं टांगलं जातं, आणि अमूर्तात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने वरच्या बाजूचा बाण, वर्ष आणि अनुक्रमांक लिहा. कॅनव्हासच्या कापडावर मार्कर नको, तो काही वर्षांनी पुढे झिरपतो. सगळ्यांची नावं ‘शीर्षकहीन’ ठेवायची असतील तर हा अनुक्रमांक नसला की तुमचाच गोंधळ होईल.

प्रश्न : प्रदर्शनात लोक विचारतात, ‘हे काय आहे?’ काय उत्तर द्यावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : विचारणारा बहुतेक वेळा खवचट नसतो, त्याला बोलायला सुरुवात हवी असते. ‘तुम्हाला काय दिसतं?’ असा प्रतिप्रश्न करू नका, तो परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. चित्राच्या एका जागेवर बोट ठेवा आणि तिथे काय केलं ते सांगा : ‘हा हिरवा आधी सगळीकडे होता, मग मी तो झाकत गेलो, आता एवढाच उरलाय.’ माणूस पुढे वाकून बघतो. पुढचं संभाषण आपोआप होतं, किंवा होत नाही आणि तो शेजारच्या निसर्गचित्राकडे जातो.

‘हे तर लहान मूलही काढेल’ याला उत्तर देण्यात वेळ घालवू नका. चहा मागवा.

प्रश्न : माझं एक चित्र एका गृहस्थांनी विकत घेतलं. आता ते त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दिसतंय, कापून, रंग बदलून, माझं नाव न देता. चित्र त्यांचं आहे, मग मला बोलता येईल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : येईल. चित्र विकलं म्हणजे ती वस्तू विकली. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखी करारानं दिला नसेल तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. मालकाला चित्र भिंतीवर लावता येतं, दुसऱ्याला विकता येतं. छापायला तुमची परवानगी लागते. आपलं नाव असावं आणि नाव खराब होईल अशी मोडतोड होऊ नये, हे हक्क कलम ५७ मध्ये वेगळे दिलेत. कॉपीराइट विकला तरी ते चित्रकाराकडेच राहतात.

आधी साधं पत्र पाठवा : मूळ चित्राचा फोटो, विक्रीची पावती, मुखपृष्ठाचा फोटो, आणि काय हवंय ते एका वाक्यात, म्हणजे पुढच्या आवृत्तीत नाव आणि मूळ चित्र जसंच्या तसं, की मानधन, की दोन्ही. प्रकाशकालाही प्रत पाठवा, त्याला बहुधा कल्पनाच नसेल. पत्राला उत्तर आलं नाही तर वकिलाकडे जा. आणि पुढच्या विक्रीपासून पावतीवर एक ओळ छापून घ्या : ‘पुनर्मुद्रणाचे सर्व हक्क चित्रकाराकडे.’ कायद्याला ती ओळ लागत नाही, घेणाऱ्याला लागते.